हात सोडला तरी सरळ उडणारं विमान

आमच्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला आणि मी घरी बसले. बसले असं म्हणायचं फक्त. मला बसताच येत नव्हतं. सकाळी नवरा कामावर गेला की मी हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून बेडरूममध्ये, परत हॉलमध्ये अशी फिरत राहायचे. परळला आम्ही राहतो तो टॉवर सासऱ्यांच्या जुन्या चाळीच्या जागेवर उभा राहिलाय. आमचा मजला बराच वर आहे. खिडकीतून वरळीच्या बाजूला समुद्राची एक पट्टी दिसते आणि तिच्या अलीकडे क्रेनच क्रेन. ते बघून यायचे आणि पुन्हा फोन तपासायचे, कुठून बोलावणं आलंय का. कोथिंबीर आणायला खाली जायचे, वर आल्यावर आलं राहिलं म्हणून परत खाली. खरं तर आलं राहिलेलं नसायचं, मी ते राहू दिलेलं असायचं.

घरात दिवसभर मी आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. अण्णांनी सगळी उमर हिंदमाताला एका साडीच्या दुकानात काढली. गादीवर बसून साडी अशी फेकायचे म्हणे, की पदर थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन उलगडायचा. हे मी ऐकलेलं. मी बघितलं तेव्हा त्यांचे हात कापायला लागले होते. आधी डावा, मग दोन्ही. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखा आजार नाही, पण जाणारही नाही. वयाचा कंप आहे, गोळीने थोडा कमी होईल. अण्णांनी गोळी घेतली नाही. दुकान सोडलं. चारचौघांत चहा प्यायचं बंद केलं. चहा मी ठेवून आत गेले की मगच कप उचलायचे, त्यामुळे मी चहा ठेवला की आत जायचे. एरवी हॉलमध्ये खुर्चीवर, दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसायचे. आमच्यात बोलणं म्हणजे ‘जेवायला वाढू?’ आणि ‘वाढ’. नवऱ्याशी ते मालवणीत बोलत. मी दादरची, माझ्याशी मात्र स्वच्छ, काउंटरवरचं मराठी. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

अशात मी तो गेम उघडला. नवऱ्याने कधीतरी हौसेने घेतलेला आणि विसरलेला. त्यात टाक्या, इंजिनं, पंख, चाकं एकमेकांना जोडून यान बनवायचं, आत मोठ्या डोळ्यांचे बुटके अंतराळवीर बसवायचे आणि उडवायचं. रॉकेटं मला लवकर जमली. मग मी अंतराळविमानाच्या मागे लागले. धावपट्टीवरून साध्या विमानासारखं उठायचं, हवा आहे तोवर हवा ओढणाऱ्या इंजिनावर चढायचं, हवा संपली की रॉकेट होऊन कक्षेत शिरायचं, आणि सगळं यान जसंच्या तसं परत आणून धावपट्टीवर टेकवायचं. ते काही केल्या जमेना. धावताना एका बाजूला ओढ घ्यायचं आणि गवतात घुसून फुटायचं. उठलंच तर नाक वर-वर जाऊन मागे कोलांटी. मी चिडून दोन पंख वाढवायचे, एक इंजिन वाढवायचे, लगेच पुन्हा उडवायचे. नीट विचार करायला थांबावं लागतं आणि थांबायचं तर मला नकोच होतं. उडवतानाही माझी बोटं सतत कळांवर. जरा डावीकडे झुकलं की उजवी कळ, नाक उठलं की खाली. गेममध्ये यान स्थिर धरून ठेवणारी आपोआपची सोय असते, तीही चालू. तेवढ्यावर ते कसंबसं जायचं.

स्फोटाचा आवाज हॉलपर्यंत जात असणार. एके दुपारी दारातून आवाज आला.

“पुन्हा पडलं वाटतं.”

मी दचकले. अण्णा बेडरूमच्या उंबऱ्याशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. आमच्या खोलीत ते कधी यायचे नाहीत. तेव्हाही आत आले नव्हते.

“हो. पडतंय.”

“आत कोणी होतं?”

“होते तिघं. खोटे आहेत अण्णा. परत येतात.”

“बरं,” म्हणाले, पण त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. मग रोजच. मी स्टूल ओढून दिलं, ते त्यावर बसायला लागले, पंजे मांड्यांखाली. बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. मला ते सुरुवातीला जड जायचं. पाठीमागे सासरे बसलेत आणि आपण भर दुपारी गेम खेळतोय.

एकदा माझं विमान बऱ्यापैकी वर गेलं. तेवढ्यात फोन वाजला, कुठल्या तरी मुलाखतीचा. मी हात काढला आणि फोन घेऊन खिडकीशी गेले. मागे वळले तोवर विमान गोल-गोल फिरत खाली येत होतं.

“तू सोडलंस आणि लगेच गेलं ते,” अण्णा म्हणाले. “म्हणजे ते उडत नव्हतंच. तूच धरून ठेवलं होतंस.”

मुलाखतवाल्या बाईंनी नुकतंच कळवलं होतं की जागा भरली. मला त्या क्षणी कोणाचंच काही ऐकायचं नव्हतं. “तुम्ही चालवून बघा ना मग,” मी म्हणाले आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. टोमणा मारायचा नव्हता, पण सूर काही चांगला नसणार.

मला वाटलं नाही म्हणतील. पण त्यांनी हात मांड्यांखालून काढले. इतक्या जवळून मी ते पहिल्यांदाच बघत होते. बोटं लांब, नखं नीट कापलेली, आणि सगळा पंजा आतून कोणी हलवतंय तसा थरथरणारा. मी सांगितलं, हे लांब बटण एकदा दाबा, इंजिन सुरू होईल. त्यांनी दाबलं. हात थरथरल्यामुळे ते दोनदा दाबलं गेलं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं. दुसऱ्यांदा, मी जुन्या रॉकेटच्या सवयीने लावून ठेवलेला सांधा सुटला आणि विमानाची मागची बाजू इंजिनासकट निखळून धावपट्टीवर पडली. पुढचा भाग नाकावर आदळला.

मग अण्णा उठले. “माझ्याकडून नाही व्हायचं,” म्हणाले आणि हॉलमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. मी मुद्दाम मोठ्या आवाजात उडवून बघितलं, पाडून बघितलं. हॉलमध्ये वर्तमानपत्राची फडफड तेवढी ऐकू यायची; तेही हातात धरलं की फडफडायचंच.

मला ते स्वस्थ बसू देईना. जाऊन समजूत काढावी, एवढं आमचं बोलणं नव्हतं. मग मी विमानच नव्याने बनवायला घेतलं. ठरवलं, ज्याचे हात थरथरतात अशा माणसालाही चालवता यायला हवं. कळ दोनदा दाबली गेली तरी काही बिघडायला नको. पहिलं काम सोपं होतं, सुटणारे सांधे सगळे काढून टाकले. पुढचं अवघड. ते विमान धरून ठेवावं न लागता सरळ उडायला हवं होतं.

आतापर्यंत मी जे वाचायचं टाळलं होतं ते वाचायला बसले. गेममध्ये दोन खुणा दिसतात. पिवळा गोळा म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य. निळा गोळा म्हणजे पंख जिथून उचलतात तो मध्य. निळा पिवळ्याच्या थोडा मागे हवा, मग वाऱ्याने नाक उचललं तरी ते आपसूक खाली येतं. माझ्या सगळ्या विमानांत निळा पुढे होता. मी मोठे पंख पुढे लावत होते, लवकर उठावं म्हणून. ते मागे सरकवले. एवढ्याने भागेल असं वाटलं, तर इंधन जळत गेलं तशी टाकी हलकी झाली, जड इंजिनं होती मागे, आणि पिवळा गोळाच मागे सरकत निळ्याच्या पलीकडे गेला. जाताना शहाणं असलेलं विमान येताना कोलांट्या मारायचं. मग इंजिनं शेपटीवरून काढून पंखांच्या मध्यावर आणली, टाक्या पिवळ्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या, आणि टाक्या रिकाम्या करून पुन्हा गोळे तपासले. पंखांची टोकं जरा वर उचलली, म्हणजे एका बाजूला कललं तर परत सरळ व्हावं. चाकं एकेक करून ताठ केली. ती सूतभर तिरपी होती म्हणून तर ते गवतात घुसत होतं, आणि मी इतके दिवस इंजिनाला दोष देत होते.

हे एका बैठकीत झालं असेल असं कोणी समजू नये. मी मधेच उठायचे, धुणं काढायचे, कोणाला तरी फोन करायचे, उगाच लालबागपर्यंत चालत जाऊन मसाल्याच्या दुकानांसमोरून शिंकत परत यायचे. वाटेत डोक्यात पंखच असायचे. एका कंपनीत मुलाखत झाली, तिथल्या माणसाने विचारलं, सध्या काय करताय? मी म्हणाले, घरचंच बघतेय. समोरच्या कागदावर मी नकळत त्रिकोणी पंख काढत होते. तिथून नकार आला.

चाचणी मी एकच ठेवली होती. विमान वर न्यायचं, स्थिर धरणारी सोय बंद करायची, हात काढायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायची. परत येईपर्यंत ते सरळ उडत असेल तर पास. कित्येक दिवस मी पिठाच्या हातांनी येऊन समुद्रावर तरंगणारे तुकडे बघितले. एक विमान असं झालं की ते पडेचना, पण वळेचनाही. कळ कितीही दाबा, सरळ समुद्राकडे निघालं ते निघालं. त्याच्यावर मी इतकी चिडले की लॅपटॉप बंद करून खाली जाऊन आले. पंख फार मागे ढकलले तर तेही उपयोगाचं नसतं, हे तेव्हा कळलं. निळा गोळा मागे हवा, पण जरासाच. ‘जरासा’ हा शब्द मला त्या दिवसांत अजिबात आवडत नव्हता.

मग एके दुपारी मी कणीक मळत होते आणि बेडरूममधून हाक आली.

“हे कोण चालवतंय?”

मी तशीच गेले. अण्णा लॅपटॉपसमोर उभे. पडद्यावर विमान ढगांच्या वरून चाललं होतं. वाऱ्याने किंचित नाक उचलायचं आणि पुन्हा खाली यायचं. एक पंख कलायचा आणि परत सपाट व्हायचा.

“कोणीच नाही,” मी म्हणाले.

“तूच धरून ठेवलं असशील.”

मी कणकेचे दोन्ही हात वर करून दाखवले. त्यांनी हातांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. मग स्टुलावर बसले. बराच वेळ ते विमान कधी पडतंय याची वाट बघत बसले असावेत. मी पोळ्या करून आले तरी ते तिथेच होते आणि विमानही उडतच होतं.

“वळवायचं कसं?” त्यांनी विचारलं.

मी कळा दाखवल्या. त्यांचं बोट एकाच कळेवर चार वेळा पडायचं, शेजारच्या कळेवरही पडायचं. मी शेपटीची आणि पंखांची हलणारी पाती अगदी आळशी करून ठेवली होती, कळ दाबली तरी ती जेमतेम हलत. विमानाने चार धक्के घेतले आणि मोठा, सावकाश फेरा घेत ते वळलं.

“वळलां!” अण्णा म्हणाले. माझ्याशी बोलताना मालवणी पहिल्यांदाच निसटली होती.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही उडायचो. आधी धावपट्टीभोवती, मग डोंगरापर्यंत. उतरताना त्यांनी कितीतरी पाडली. पण आता पडलं की उठून जायचे नाहीत, “चल, परत घे,” म्हणायचे. त्यांना रॉकेट आवडायचं नाही. “जाताना एवढं मोठं आणि परत येताना नुसतं टोपण. बाकीचं सगळं टाकून द्यायचं, हे काय?” मला मात्र त्यांचा संथपणा सोसायचा नाही. समुद्रावरून जाताना वेळ पुढे पळवायची सोय असते, मी ती दाबायला जायचे. ते म्हणायचे, “राहू दे. बघत जाऊ.” बघण्यासारखं काय, निळं पाणी. मी तेवढ्यात उठून फ्रिज पुसून यायचे.

एक दिवस नवरा लवकर घरी आला. दार त्याच्या चावीने उघडलं, आम्हाला कळलंच नाही. अण्णा विमान उतरवत होते, दोन्ही हात कळांवर, कापत. पाठीमागे चाहूल लागली तसे त्यांनी हात झटकन खाली घेतले. विमान धावपट्टीपासून थोडंच वर होतं.

“अण्णा, विमान!” मी ओरडले.

कोणीच काही केलं नाही. ते आपलं आपण खाली आलं, चाकांवर आपटलं, एकदा उसळलं, आणि पळत राहिलं. नवरा दारात तसाच उभा, खांद्याला बॅग. त्याने वडिलांचे हात किती दिवसांत बघितले नव्हते कोण जाणे. मग तो आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “ब्रेक मारा, अण्णा. पुढे गवत आसा.” अण्णांनी हात पुन्हा वर आणले आणि ब्रेक लावला.

अंतराळात जायचं त्यांनीच ठरवलं, रविवारी, नवराही घरी असताना. अंतराळवीर एकच घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. “तिघांचा जीव कशाला टांगायचा?” सकाळची अंघोळ, देवपूजा आटपून ते येऊन बसले. विमान उठलं, सावकाश चढलं. हवा विरळ झाली तसा पंखांच्या कडांनी लाल जाळ धरला. इंजिन बदलायची वेळ आली, मी “आता, आता” म्हणत होते. अण्णांचं बोट कळेभोवती थरथरत होतं, खाली येत नव्हतं. मी हात पुढे केला.

“हात काढ गो,” ते म्हणाले. “माका बघूंदे.”

मी हात काढला. तिथे बसवेना म्हणून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागे इंजिनाचा आवाज बदलला. नवरा म्हणाला, “गेलां.” मी वळून बघितलं तेव्हा आकाश काळं झालं होतं आणि विमान त्या गोल ग्रहाच्या कडेवरून चाललं होतं. पुढचा जोर कुठे द्यायचा ते मी सांगितलं, अण्णांनी दिला. कक्षेत शिरल्यावर आवाज थांबला.

मला लगेच खाली यायचं होतं. मधली वाट नकोच होती, जमलं की नाही हे एकदाचं कळायला हवं होतं. अण्णा मात्र ग्रहाला पूर्ण फेरी मारल्याशिवाय हलायला तयार नव्हते. रात्रीची बाजू आली तेव्हा पडदा जवळजवळ काळा झाला. ते म्हणाले, “इथे हात काय करतायत ते कोणाला दिसतंय?” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

येताना टाक्या रिकाम्या होत्या. इथेच माझी आधीची सगळी विमानं उलटली होती. जाळाने पडदा भरून गेला, नाक एकदा भलतीकडे गेलं. अण्णांच्या कळा चुकत होत्या आणि मी दातांनी ओढणीचं टोक धरून बसले होते. नाक परत आलं. ते जसं यायला हवं होतं तसंच आलं, मी लावलेल्या पंखांमुळे, आणि तरी मला ते खरं वाटेना. धावपट्टीपर्यंत काही ते पोचलं नाही. अलीकडेच समुद्रात उतरलं, एक पंख तुटला, एक इंजिन बुडालं.

“तो वाचला?” अण्णांनी विचारलं.

अंतराळवीर खिडकीतून दात काढून हसत होता. अण्णांनी स्टुलावरूनच मागे वळून नवऱ्याला सांगितलं, “चहा टाक.” चहा आला तेव्हा मी सवयीने उठले, आत जायला. ते म्हणाले, “बस की.” आणि कप दोन्ही हातांनी धरून, बशीत थोडा सांडत, आमच्यासमोर प्यायले.

त्यानंतर त्यांनी गोळी घ्यायला सुरुवात केली. फरक पडला तो थोडाच. हिंदमाताला जुन्या दुकानात एकदा जाऊन आले, गादीवर न बसता बाहेरच उभे राहून गप्पा मारल्या म्हणाले. मला पुढे अंधेरीला नोकरी लागली. मला वाटलं होतं, नोकरी लागली की माझं हे आतलं फिरणं थांबेल. ते थांबलं नाही, जागा बदलली फक्त. ऑफिसात मी पाणी प्यायला जरुरीपेक्षा जास्त वेळा उठते, हे शेजारणीच्याही लक्षात आलंय. अंतराळविमानं मी आता बनवत नाही, रविवारी एखादं दुरुस्त करते. अण्णा मात्र रोज दुपारी उडतात. नवऱ्याने त्यांना मोठ्या कळांचा नवा कीबोर्ड आणून दिला.

तो आणला त्याच आठवड्यात मी मीटिंगमध्ये होते आणि घरचा फोन आला. अण्णा कधी ऑफिसात फोन करत नाहीत. मी काचेचं दार ढकलून बाहेर आले.

“अण्णा, काय झालं?”

“इंजिन बंद होईना गो. तो खालचो ग्रह लहान-लहान होत चाललोहा.”

“एक्स दाबा. एक्स.”

“तां खंय आसा? ह्या नव्यार सगळां भलतीकडे आसा.”

“खालच्या ओळीत, डावीकडून दुसरा.”

काचेपलीकडून साहेबांनी खूण केली, या आत. मी बोट वर करून एक मिनिट मागितलं.

“अण्णा? मिळाला?”

“गप रव. चष्मो शोधतंय.”